कोयनेचे हादरे, वाळूचा ढीग आणि आईचा प्रश्न

घाटमाथा

गेल्या आठवड्यात रात्री पावणेअकराला आईचा फोन. "भांडी वाजली रं आत्ता. आता मोठा यील का?"

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनानगरपासून फार लांब नाही. तिकडे भूकंपाला कोणी भूकंप म्हणत नाही, 'हादरा बसला' म्हणतात. आधी जमिनीखालून भरलेला ट्रक गेल्यासारखी गुरगुर, मग फळीवरच्या ताटांची किणकिण, मग गावभर कुत्री. तीन-चार सेकंदांत खेळ खलास. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी: कोयना परिसराला सौम्य धक्का, धरण सुरक्षित. आणि मी गेली वीस वर्षं आईला एकच उत्तर देत आलोय: "अगं, बारीक बारीक बसलेले चांगलेच. ताण निघून जातो."

या वेळी फोन ठेवल्यावर वाटलं, हे आपण कशाच्या जोरावर सांगतो? मी पोटापाण्यासाठी पंपांचे सील विकतो. मग वहीत आकडे मांडले.

भूकंपाच्या मापात एक पायरी वर चढली की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. १९६७ चा कोयनेचा मोठा भूकंप ६.३ चा. तेवढी ऊर्जा ४ मापाच्या हादऱ्यांतून काढायची झाली तर सुमारे २,८०० हादरे लागतील. ५ मापाचे असतील तर नव्वदएक. प्रत्यक्षात १९६७ नंतर तिथे पाच आणि त्यावरचे वीस-बावीसच झालेत, चार आणि वरचे दोनशेच्या आसपास, त्याखालचे हजारोंनी. म्हणजे बारक्या हादऱ्यांनी ताण निघतो हे कढईभर तेल चमच्याने उपसल्यासारखं आहे. आणि कढईत वरून धार चालूच.

पण ते आकडे पुन्हा वाचा. सहाच्या वरचा एक, पाचाचे वीस-बावीस, चाराचे दोनशे. एक पायरी खाली उतरलं की ढोबळमानाने दहापट. हा गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी १९४४ मध्ये मांडलेला नियम. कॅलिफोर्नियात चालतो, जपानात चालतो आणि आमच्या वीस बाय तीस किलोमीटरच्या तुकड्यातही चालतो. यात 'नेहमीच्या आकाराचा भूकंप' अशी चीजच नाही. माणसांची सरासरी उंची असते, हादऱ्यांची सरासरी काढून काही हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी, म्हणजे जवळजवळ तीन अब्ज टन. ऐकायला प्रचंड. पण ८० मीटर पाण्याचा तळावर दाब किती? दर चौरस सेंटीमीटरला ८ किलो. आणि पाच किलोमीटर खाली, जिथे हे हादरे जन्मतात, तिथे वरच्या खडकाचा दाब तेराशे-साडेतेराशे किलो. बैलाच्या पाठीवर चिमणी बसावी तसं. तरीही १९६२ पासून पाणी साठायला लागलं आणि हादरे सुरू झाले. दर वर्षी पावसाळ्यात तलाव भरला की त्यांची संख्या वाढते, हे सगळीकडे छापून आलेलं आहे.

एवढंसं कारण आणि एवढा परिणाम, हे प्रमाण शाळेतल्या त्रैराशिकात बसत नाही. दुप्पट वजन म्हणजे दुप्पट ताण म्हणजे दुप्पट हादरे, असं इथे नाहीच. याला अरेषीय म्हणतात, एवढं शोधाशोध करून कळलं.

याच शोधात वाळूचा ढीग भेटला. १९८७ साली पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट वीझेनफेल्ड या तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी कागदावर रचलेला. बुद्धिबळासारखा पट घ्या. कुठल्याही घरात एकेक दाणा टाकत जा. एका घरात चार दाणे झाले की ते घर ढासळतं आणि शेजारच्या चार घरांना एकेक दाणा जातो. त्यातल्या कोणाचे चार झाले की तेही ढासळतं. सुरुवातीला काहीच होत नाही. मग ढीग आपोआप अशा कडेवर येऊन थांबतो की पुढचा दाणा कधी एकच घर हलवतो, कधी अर्धा पट. शेवटच्या दाण्यात विशेष काही नसतं.

माझं म्हणणं: कोयनेखालचा खडक असाच कडेवर बसलेला ढीग आहे आणि जलाशय म्हणजे वरून पडणारे दाणे. मग आईला काय सांगायचं? जाणकारांनी चुकत असेल तर कान धरावा.

तिरकस

सील विकणाऱ्याने एवढं लिहिलं, मग भूगर्भवाल्यांनी पगार परत करावा. विनोद सोडा, पण याचा अर्थ धरण पाडा असा काढायचा का? वाळूवर दाणा टाकायचाच नाही!

आजोबा_४९

लेख आवडला. एक दुरुस्ती, तुम्ही तारीख लिहिली नाहीत म्हणून आधीच सांगतो. परदेशी पुस्तकांत १० डिसेंबर १९६७ सापडेल. ती ग्रिनिचची. आपल्याकडे ११ डिसेंबर, सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं.

मी तेव्हा कऱ्हाडला शिकायला होतो, वय अठरा. ट्रंकेवर ठेवलेला पितळी तांब्या आधी थरथरत कडेला गेला आणि मग पडला, हे मला सगळ्या गोंधळात स्पष्ट दिसलं, कारण अभ्यासाला कंदील लावून बसलो होतो. तांब्या पडेपर्यंत मी खाटेवरच. पडल्यावर पळालो. सकाळी कोयनानगरच्या बातम्या यायला लागल्या. माणसं दोनशेच्या आसपास गेली. धरणाच्या भिंतीला वरच्या अंगाला तडे गेले, नंतर मागून आधार देऊन ती मजबूत केली.

तुमच्या आईंच्या प्रश्नाबद्दल एक आठवण. त्याच सप्टेंबरात पाचाच्या आसपासचा एक बसला होता. तेव्हा आमच्या मेसमधले एक वडीलधारे म्हणाले होते, "बरं झालं, निघून गेलं." अगदी तुमचंच वाक्य.

बसाल्ट

घाटमाथा, लेख छान, पण कान धरायला सांगितलायत म्हणून धरतो.

पहिलं किरकोळ. पेपरवाले ज्याला 'तीव्रता ४.२' म्हणतात ती तीव्रता नव्हे, महत्ता. महत्ता एका भूकंपाची एकच असते. तीव्रता गावागणिक बदलते, कारण ती जमीन किती हलली याची. तुमच्या आईच्या फळीवरची ताटं तीव्रता मोजतात.

दुसरं महत्त्वाचं. तुम्ही चिमणीचं वजन मोजलंत, पण चिमणी बैलाला वजनाने त्रास देत नाहीये. पाणी भेगांत शिरतं. खडकाचे दोन तुकडे वरच्या दाबाने एकमेकांवर घट्ट बसलेले असतात, त्या घट्टपणामुळेच ते घसरत नाहीत. भेगेतल्या पाण्याचा दाब थोडा वाढला की तो त्यांना किंचित अलग ढकलतो आणि घर्षण कमी होतं. ओल्या फरशीवर चप्पल सरकते ती चप्पल जड झाली म्हणून नव्हे. हा दाब खाली झिरपत जायला वेळ लागतो, म्हणून तलाव भरतो ऑगस्टात आणि काही हादरे येतात थेट डिसेंबराच्या सुमारास.

हे नुसतं सांगोवांगी नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये रेंजली नावाचं तेलक्षेत्र आहे. तिथे १९६९ ते १९७३ या काळात मुद्दाम प्रयोग केला. विहिरींतून पाणी दाबून आत घातलं, भूकंप मोजले. मग पाणी उपसून दाब उतरवला, भूकंप मोजले. एका ठरावीक दाबाच्या वर हादरे सुरू, खाली आले की जवळजवळ बंद. उंबरठा! खालून कितीही सरका, काही नाही. उंबरठा ओलांडला की सुरू. तुम्ही ज्याला अरेषीय म्हणता ते हे.

कोयनेला तर खडकाला आठवणही आहे. पाण्याने आजवरची आपलीच सर्वोच्च पातळी ओलांडली, पातळी झपाट्याने चढली, किंवा वर चढून बराच काळ तिथेच राहिली, की मोठ्या हादऱ्यांची शक्यता वाढते, असं हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेच्या हर्ष गुप्ता आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय. तेच पाणी, तीच उंची, पण पहिल्यांदा आलं की परिणाम वेगळा.

तिरकस यांना: ऊर्जा धरणाची नाही. भारताचा तुकडा उत्तरेकडे ढकलला जातोय, ताण त्याचा. पाण्याने फक्त कडी काढली. आणि कडी काढल्यावर दार परत लावता येत नाही. तलाव रिकामा करणं हासुद्धा दाबातला बदलच असतो.

गणिती_गाढव

आता माझी पाळी. वाळूच्या ढिगाने माझी एम.एस्सी.ची दोन वर्षं खाल्ली, त्यामुळे हात शिवशिवतात.

आधी अभिमानाची गोष्ट. तो कागदी ढीग तिघांनी रचला खरा, पण त्याचं गणित नेमकेपणाने सोडवलं दीपक धर यांनी, १९९० मध्ये, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बसून. नंतर ते पुण्याच्या आयसरला आले, सांख्यिकीय भौतिकीतलं २०२२ चं बोल्ट्झमन पदक त्यांना मिळालं, भारतात पहिलंच. त्यांनी दाखवलेली एक गंमत अशी की दाणे कुठल्या क्रमाने टाकले याने शेवटच्या चित्रात फरक पडत नाही. आधी इथे मग तिथे, किंवा उलट, शेवटी पट तोच दिसतो. यामुळे जे मोजायला अशक्य वाटत होतं ते मोजता आलं.

आता कान धरणं. खरी वाळू तशी वागत नाही! लोकांनी प्रयोगशाळेत ढीग करून पाहिले. लहान ढीग थोडंफार ऐकतो, पण ढीग मोठा केला की गडगडणारे दाणे वेग धरतात, थांबायच्या जागी थांबत नाहीत, आणि मोठे ढासळे बऱ्यापैकी ठरलेल्या अंतराने यायला लागतात. मग १९९६ मध्ये ऑस्लोच्या मंडळींनी वाळूऐवजी तांदूळ घेतला. दोन काचांच्या मधे तांदळाचा ढीग. लांब दाण्याचा तांदूळ घेतला की सगळ्या आकाराचे ढासळे, अगदी बाकच्या कागदासारखे. आखूड, गोलसर दाण्याचा घेतला की नियम मोडतो. लांब दाणा अडकतो, घासतो, थांबतो. गोल दाणा गडगडत जातो.

म्हणजे 'सगळं जग वाळूचा ढीग' हे पुस्तकी वाक्य सोडून द्या. कोणतं घर्षण, कोणता दाणा, यावर सगळं आहे. कोयनेखाली बासमती आहे की आंबेमोहोर, हा खरा प्रश्न.

आणखी एक. बाकच्या ढिगात दाणे इतक्या सावकाश पडतात की एक ढासळा पूर्ण थांबल्यावरच पुढचा दाणा. कोयनेला दर पावसाळ्यात कोणीतरी अख्खी पाटी ओततं आणि उन्हाळ्यापर्यंत उपसतं. बाहेरून ताल देणारा आहे. त्यामुळे हा शुद्ध ढीग नाही. मी म्हणेन, कडेवर बसलेला आणि वरून दर वर्षी हलवला जाणारा ढीग.

तांदुळजा

मी काल कुकर लावायच्या आधी ताटात इंद्रायणीचा ढीग करून बघितला. ढासळला. नवरा म्हणाला, आज खिचडी आहे का पुलाव. विज्ञान तिथेच थांबलं.

(पण खरंच बासमतीचा ढीग जास्त उभा राहतो. हे आधी कधी लक्षात नव्हतं आलं.)

घाटमाथा

@बसाल्ट, ओल्या फरशीचं आईला लगेच कळेल, धन्यवाद. @आजोबा, मेसमधल्या वाक्याने काटा आला.

@गणिती_गाढव, मान्य. पण मग हे सांगा, हवामानवाले निदान चार दिवस आधी पाऊस सांगतात. तेही अरेषीयच ना? तिथे जमतं मग इथे का अडतं?

ढगाळ

हा माझा प्रांत, म्हणून लॉगिन केलं. तीन वर्षं नुसता वाचक होतो.

हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. १९६१ चा हिवाळा, एमआयटी. लॉरेन्झबाबांनी संगणकावर हवामानाचं जुनंच गणित मधून पुन्हा चालू केलं. यंत्रात आकडा होता ०.५०६१२७, छापील कागदावरून भरला ०.५०६. थोडा वेळ दोन्ही वाटा जुळल्या आणि मग त्यांचा एकमेकींशी काही संबंध उरला नाही. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, 'बघा, भाकीत अशक्य.' माझ्या मते धडा उलटा आहे. हजाराव्या हिश्श्याच्याही आतली चूक असताना काही काळ तरी वाटा जुळल्याच! आजची अवस्था चांगली माहीत असेल तर काही दिवस हातात मिळतात. म्हणून १९९२ पासून मोठी केंद्रं एकच अंदाज चालवत नाहीत. सुरुवात किंचित किंचित बदलून अनेक अंदाज चालवतात आणि ते किती फाकतात ते बघतात. पन्नासांपैकी चाळिसांत पाऊस आला तर छत्री घ्या.

आता भूकंपाकडे या. आम्ही फुगे सोडतो, उपग्रह आहेत, विमानं नोंदी देतात. पाच किलोमीटर वर काय चाललंय ते आम्हाला दर काही तासांनी कळतं. पाच किलोमीटर खाली? कोणत्या भेगेवर आज किती ताण, किती पाणी, कोण जाणे. लॉरेन्झकडे शून्य पूर्णांक पाचशे सहा तरी होतं. तुमच्याकडे तेही नाही. केऑसच्या, म्हणजे किंचित फरकाने वाटा फाकत जाण्याच्या, माथी सगळं मारू नका, अज्ञानाचाही वाटा घ्या.

बसाल्ट

ढगाळ, एकदम पटलं. म्हणून तर गोठण्याला भोक पाडलं. कऱ्हाडला भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोलवाली प्रयोगशाळा आहे. त्यांनी २०१७ मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधण पूर्ण केलं. वरचा सव्वा किलोमीटर बसाल्ट, म्हणजे मी, आणि खाली थेट जुना ग्रॅनाइट. मधे गाळाचा थर नाही. हादरे त्या ग्रॅनाइटात होतात. तिथे उपकरण पोचवणं म्हणजे तुमच्या भाषेत पहिला फुगा.

आणि अंदाज अगदीच शून्य आहेत असंही नाही. कोयनेला मोठ्याच्या आधी कधी कधी लहान हादऱ्यांचा एक ठरावीक पुंजका दिसतो, वरून खाली सरकणारा. त्यावर नजर ठेवून एनजीआरआयने मे २००६ मध्ये चार मापाच्या आसपासचा हादरा आधी सांगितला होता आणि तो काही दिवसांत आला, ४.२ चा. छोटासा तुकडा, दाट जाळं, आणि हादरे भरपूर. जगात शिकायला यापेक्षा चांगली जागा थोड्याच. पण पुंजका दरवेळी येत नाही आणि पुंजका आला म्हणून हादरा येतोच असंही नाही.

तिरकस

म्हणजे कधी कळतं, कधी नाही. हे तर आमच्या गल्लीतला ज्योतिषीही म्हणतो.

गणिती_गाढव

ज्योतिषी चुकलेले हिशोब लिहून ठेवत नाही, हा फरक. पार्कफील्ड बघा. कॅलिफोर्नियातलं छोटं गाव, तिथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६ असे साधारण सहाच्या मापाचे भूकंप. सरासरी बावीस वर्षं. शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये छापून जाहीर केलं: पुढचा १९९३ च्या आत. डोंगर उपकरणांनी भरून टाकला. आला २८ सप्टेंबर २००४ ला. अकरा वर्षं उशिरा. चुकलं, आणि चुकलं असं त्यांनीच लिहिलं.

का चुकलं याचं एक खेळणं आहे, घरी करता येतं. एक वीट, एक रबर. रबर सावकाश ओढा. वीट अडते, रबर ताणतं, वीट सटकते, पुन्हा अडते. एकच वीट असली तर सटका बऱ्यापैकी ठरल्या वेळी. पार्कफील्डला हेच गृहीत धरलं होतं. आता दोन विटा घ्या, मधे दुसरं रबर, आणि एक वीट जरा जास्त खरखरीत. १९९० मध्ये हुआंग आणि टरकॉट यांनी गणिताने दाखवलं की दोन असमान ठोकळे पुरेसे आहेत, केऑस येतो. लाखो ठोकळे लागत नाहीत, नशीब लागत नाही, दोनच. आणि विटांच्या रांगेचं मूळ खेळणं बरिज आणि नोपॉफ यांनी मांडलं ते साल कोणतं? १९६७.

दक्षिणद्वार

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चहून. इथे आम्ही हे सगळं जगलोय. ४ सप्टेंबर २०१० ला ७.१ चा, शहरापासून दूर. एकही माणूस थेट त्यात गेलं नाही. सगळे म्हणाले, सुटलो. मग २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी त्याहून लहान, पण शहराच्या जवळजवळ खालीच. १८५ माणसं गेली. मोठ्यानंतरचे बहुतेक लहान असतात हे खरं, पण लहान कुठे बसेल हे मोठा ठरवत नाही.

त्यानंतर इथल्या भूकंप नोंदवणाऱ्या जिओनेटच्या पानावर तक्ते यायला लागले. पुढच्या काही दिवसांत, महिन्यात, वर्षात या या मापाचा धक्का बसण्याची शक्यता इतके टक्के. माझी सासू चिडायची, "हो का नाही ते सांगा." मला मात्र त्या तक्त्याने झोप लागायची. 'नाही' असं कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. टक्के खाली येताना दिसायचे.

लाल_डबा

धाग्याच्या सुरुवातीच्या वाक्याकडे जाऊ का? 'बारीक बसले की ताण निघून जातो.' इटलीत लाक्विला गावात २००९ मध्ये महिनोन्‌महिने बारीक हादरे चालू होते. लोक घाबरलेले. तेव्हा नागरी संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याने टीव्हीवर जवळजवळ हेच सांगितलं: ऊर्जा बाहेर पडतेय, म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे. ६ एप्रिलला रात्री साडेतीनच्या सुमारास ६.३ चा. तीनशेहून जास्त मृत्यू. कोयनेइतकंच माप, बघा. २०१२ मध्ये त्या अधिकाऱ्यासह सात जणांना सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये सहा शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी करून ठेवली.

जगभर ओरड झाली की भाकीत न केल्याबद्दल शास्त्रज्ञांना तुरुंग. तसं नव्हतं. खटला धीर देण्यावरून होता. त्या गावात हादरा बसला की रात्र बाहेर काढायची जुनी रीत होती. धीर ऐकून काही लोक घरात राहिले.

तिरकस

हे मला माहीत नव्हतं. गप्प बसतो.

आजोबा_४९

आमच्याकडेही सदुसष्टच्या आधी लोक अंगणात झोपत. डिसेंबरच्या थंडीमुळे आत गेले असणार. हे कधी असं जोडून पाहिलं नव्हतं.

घाटमाथा

गावी जाऊन आलो. अहवाल देतो.

विटांचा प्रयोग पडवीत, शहाबादी फरशीवर. रबर म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. हाताने सारखं ओढता येईना, म्हणून सायकल उलटी करून मागच्या चाकाच्या तुंब्यावर दोरी गुंडाळली आणि भाच्याला पायंडल अगदी सावकाश फिरवायला बसवलं. तो दर दोन मिनिटांनी कंटाळायचा, ही प्रयोगातली मुख्य अडचण.

एक वीट: पायंडलाचा साधारण पाऊण फेरा झाला की सटका. पुन्हा पाऊण फेरा, पुन्हा सटका. भाचा तिसऱ्यांदा आधीच ओरडला, "आता!" आणि बरोबर आला. मग दुसरी वीट बांधली, तिला खालून गोणपाट गुंडाळलं. पहिली थोडी सरकायची, थांबायची, मधली पट्टी ताणायची. कधी पहिलीच तीन-चार वेळा बारीक बारीक हलायची. कधी काहीच नाही, काहीच नाही, आणि मग दोन्ही एकदम फरफटत. भाच्याने अकरा वेळा "आता!" म्हटलं. दोनदा जमलं.

आई खांबाला टेकून बसलेली. तिला बारीक हलण्यात रस होता. एकदा पहिली वीट तीनदा जराजरा सरकली तेव्हा म्हणाली, "निघाला म्हंतोस ना ताण? मग ती मधली पट्टी बघ की." बघितली. मधली पट्टी पहिल्यापेक्षा जास्त ताणलेली. पुढची वीट सरकली होती, ओझं मागच्या विटेच्या गळ्यात. गणिती_गाढव, मला वाटतं तिने तुमचं गणित पकडलं.

मग मी सांगितलं की वीस वर्षं तुला सांगत होतो ते चूक होतं. मोठा येईल का नाही ते कोणालाच ठाऊक नाही, पण हादऱ्यानंतरचे काही दिवस नेहमीपेक्षा जरा जास्त सावध राहायचे. तिचं तोंड उतरेल असं वाटलं होतं. म्हणाली, "मला ठावं हुतं. तू फोन ठेवायच्या घाईत असतोस."

नंतर आम्ही खोलीत गेलो. तिच्या खाटेच्या बरोबर वर फळी, आणि फळीवर आजीच्या वेळचा पितळी हंडा, दोन घागरी, जातं काढल्यावर उरलेली वरची तळी. ती फळी माझ्या जन्माआधीपासून तिथे आहे आणि इतक्या वर्षांत मी तिच्याकडे वर मान करून एकदाही बघितलं नव्हतं. हंडा उतरवताना भाच्याच्या पायावर पडता पडता राहिला. खाट आता दाराजवळच्या भिंतीला. तळी अंगणात, तुळशीपाशी.

बसाल्ट

फळीला कडेने पट्टी मारा आणि फळी भिंतीला कोन लावून घट्ट करा. गॅसची टाकी साखळीने बांधलीय का?

घाटमाथा

टाकी राहिली. पुढच्या शनिवारी.

गणिती_गाढव

मधली पट्टी! दंडवत सांगा आईंना. भाच्याने सटक्यांची लांबी लिहून ठेवली असेल तर पाठवा, आलेख काढतो. शे-दीडशे तरी हव्यात.

घाटमाथा

सत्तेचाळीस आहेत. त्यानंतर तो पोहायला गेला.

तांदुळजा

सायकल उलटी ठेवली की चेन उतरत नाही का? मुलाच्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे, करून बघीन म्हणते.